घरी बांधायच्या विमानाची वायरिंग: आराखडा आधी की बिघाडांची यादी आधी?

गगनबावडा
किट व्हॅन्सचं आरव्ही-७, बांधकाम अमेरिकेत. इंजिन लायकमिंग ओ-३६०, कार्ब्युरेटरवालं. एका बाजूला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी पाडणारा), दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक इग्निशन. सिस्टीम १४ व्होल्टची. रात्रीचं आणि ढगांतलं उड्डाण दोन्ही करायचं आहे. सध्याच्या आराखड्यात दोन बॅटऱ्या, दोन अल्टरनेटर, मध्ये त्यांना जोडणारा क्रॉस-फीड कॉन्टॅक्टर (मोठा रिले), तीन बस (उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्ट्या) आणि पॅनलवर ३२ ब्रेकर आहेत.

प्रश्न तीन. एवढं सगळं लागतं का? ब्रेकर बरे की गाडीतले पात्याचे फ्यूज? बॅटरी लेडची घ्यावी की लिथियमची?

फ्यूजमास्तर
आराखडा तूर्त बाजूला ठेवा. आधी दोन याद्या करा. पहिली लोडची: कोणतं उपकरण, किती अँपिअर, सतत की अधूनमधून. आकडे त्या-त्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमधून घ्या, जाहिरातीतून नको. दुसरी यादी बिघाडांची: हा भाग हवेत मेला तर कशावरून कळणार, आणि मग हात कोणत्या स्विचकडे जाणार. या दोन याद्या झाल्या की आराखडा जवळपास आपोआप उतरतो. उलट क्रमाने गेलं की ३२ ब्रेकर होतात.

गगनबावडा
लोडची यादी केली. रात्र, ढग आणि थंडी धरून सततचा भार, अँपिअरमध्ये:

दोन स्क्रीन ६; सेन्सरचे डबे ०.६; रेडिओ ऐकताना ०.५ आणि बोलताना २.५, जीपीएस नॅव्हिगेटर २, ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारा) ०.८, ऑटोपायलटच्या दोन मोटरी १.४, इंटरकॉम ०.२, इलेक्ट्रॉनिक इग्निशन १.३, नॅव्ह दिवे आणि स्ट्रोब २.५, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) ९, बॅटरी कॉन्टॅक्टरची कॉइल ०.८; अल्टरनेटर फील्ड (त्याच्या चुंबकाची कॉइल) ३; पॅनलचे दिवे ०.५, यूएसबी २.

बेरीज ३०.६. लँडिंग लाइट ४ आणि बूस्ट पंप १.२ उतरतानाच. फ्लॅप आणि ट्रिमच्या मोटरी काही सेकंदांपुरत्या, म्हणून धरल्या नाहीत.

फ्यूजमास्तर
आता बोलता येईल. उतरताना सगळं चालू धरलं तरी ३५.८. सततचा भार अल्टरनेटरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे ६० अँपिअरच्या अल्टरनेटरला ४८. स्टार्टनंतर बॅटरी परत भरून घ्यायलाही जागा उरते. ६० पुरे. ४० घेतला असता तर ३२ वर अडला असता.

तुमच्याकडे मॅग्नेटो आहे, ही सगळ्यात मोठी गोष्ट. सगळी वीज गेली तरी इंजिन चालतं आणि कार्ब्युरेटरला यांत्रिक पंप पेट्रोल देत राहतो. म्हणजे वीज गेल्यावर प्रश्न उरतो फक्त दिसण्या-बोलण्याचा. त्यासाठी दोन बॅटऱ्या आणि क्रॉस-फीड नको. एक बॅटरी, एक मुख्य अल्टरनेटर आणि इंजिनच्या मोकळ्या व्हॅक्यूम पॅडवर (व्हॅक्यूम पंपाच्या जागी) बी अँड सीच्या एसडी-८ सारखा ८ अँपिअरचा परमनंट मॅग्नेट अल्टरनेटर, बस झालं.

दोन्ही इग्निशन इलेक्ट्रॉनिक असती किंवा इंधन इंजेक्शन विजेवरच्या पंपांवर असतं, तर मीच दुसरी बॅटरी मागितली असती. तिथे वीज गेली की प्रोपेलर थांबतो, आणि कोणत्याही एका भागाच्या मरणाने इंजिन बंद पडता कामा नये, हा नियम मग बॅटरीच्या टर्मिनलपर्यंत लावावा लागतो.

विजेरी
मास्तरांशी सहमत. त्यात एन्ड्युरन्स बसची (ई-बस: अल्टरनेटर गेल्यावरही चालू ठेवायच्या उपकरणांची बस) भर घालते, कारण तिथेच लोक घोळ घालतात.

मुख्य बसवरून ई-बसला वीज डायोडमधून जाते, म्हणून ती उलटी परतू शकत नाही. साधा सिलिकॉन ब्रिज रेक्टिफायर घेतला तर ०.६ ते ०.७ व्होल्ट पडतो, शॉट्की डायोड घेतला तर साधारण ०.४. डायोड गरम होतो, तो धातूच्या पत्र्यावर बसवा. ई-बसला दुसरी वाट थेट बॅटरीजवळच्या बसवरून, स्वतःच्या स्विचमार्गे.

तुमच्या यादीतून ई-बसवर काय राहतं ते पाहा. एक स्क्रीन ३, सेन्सर ०.६, रेडिओ ०.५, जीपीएस २, इंटरकॉम ०.२, मंद केलेले पॅनलचे दिवे ०.३. बेरीज ६.६. इग्निशन ई-बसवर नको. ती थेट बॅटरी बसवर, स्वतःचा ५ अँपिअरचा फ्यूज आणि स्वतःचं स्विच लावून. तिचे १.३ धरून एकूण ७.९.

एसडी-८ चे ८ अँपिअर पूर्ण आरपीएमला मिळतात. क्रूझला थोडे कमी, म्हणजे काठावर. तूट बॅटरी भरते, चालेल. ट्रान्सपाँडर आणि नॅव्ह दिवे लागतील तेव्हाच लावायचे.

दुसऱ्या वाटेवर ६.६ अँपिअर सतत असल्याने ७ चा फ्यूज कधीतरी दगा देईल. १० चा घाला. पण मग ती वायर नेहमी जिवंत ठेवू नका. बॅटरीजवळ छोटा रिले लावा म्हणजे स्विच बंद केलं की केबिनमधली वायर मेलेली असते. जमिनीवर आपटल्यावर जिवंत जाड वायर आणि सांडलेलं पेट्रोल एकत्र नकोत.

अल्टरनेटर गेल्यावरचा क्रम: १३ व्होल्टखाली पेटणारा लाल दिवा पेटला की एसडी-८ चालू, ई-बसची दुसरी वाट चालू, मास्टर (मुख्य स्विच) बंद. मास्टर बंद केल्याने कॉन्टॅक्टरचे ०.८ अँपिअरही वाचतात. लाल दिवा हवाच. नुसत्या व्होल्टमीटरकडे कोणी बघत नसतं.

गगनबावडा
विजेरीताई, एसडी-८ ही गेला तर नुसत्या बॅटरीवर किती वेळ? १६ अँपिअर-अवर भागिले ७.९, दोन तास?

विजेरी
नाही. १६ हा आकडा २० तासांत हळूहळू रिकामी करण्याचा आहे. ८ अँपिअरने खेचलं तर ओडिसी पीसी-६८० सारखी नवी बॅटरी दीड तासाच्या आसपास टिकते. क्षमता ७५ टक्क्यांवर आल्यावर आणि थंडीत तासभरच धरा. आधी हवा असलेला वेळ ठरवा, मग दर वर्षी बॅटरीला तेवढाच भार लावून घड्याळ बघा. तो वेळ देत नसेल तर बदला. इंजिन स्टार्ट होतंय म्हणून बॅटरी चांगली, हे गणित चुकीचं आहे. स्टार्टरला काही सेकंदच लागतात.

तांब्याची तार
फ्यूज की ब्रेकर, यावर इथे दरवेळी रणधुमाळी होते. माझं मत फ्यूज. फ्यूज किंवा ब्रेकर वायरला वाचवतो, उपकरणाला नाही. हवेत उडलेला ब्रेकर परत दाबायचाच नसेल तर पॅनलवर ३२ बटणं कशासाठी? पात्याच्या फ्यूजचे दोन ब्लॉक आतल्या बाजूला, जमिनीवर हात पोचेल असे. ब्रेकर एकच: अल्टरनेटर फील्डचा, ५ अँपिअर. त्याचं कारण मास्तर सांगतील.

आता वायरचा गेज (आकडा लहान तितकी वायर जाड). वायर टेफ्झेलच्या आवरणाचीच घ्या, एमआयएल-डब्ल्यू-२२७५९/१६. १५०° सेल्सिअसपर्यंत चालते, आणि जळाली तरी गाडीच्या पीव्हीसी वायरसारखा केबिनमध्ये धूर भरत नाही. फ्यूजची कमाल मर्यादा अशी ठेवा: २२ गेजला ५, २० ला ७, १८ ला १०, १४ ला १५, १२ ला २०, १० ला ३०.

पण नुसता फ्यूज जमून भागत नाही, व्होल्टेज ड्रॉपही बघायचा. १४ व्होल्ट सिस्टीमला सततच्या भारासाठी ०.५ व्होल्ट आणि अधूनमधूनच्या भारासाठी १ व्होल्ट. पिटो हीटचं उदाहरण घ्या. ९ अँपिअर, पंखापर्यंत ५ मीटर वायर, परतीचा मार्ग ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातून. १६ गेजचा रोध मीटरला साधारण १३.२ मिलिओहम, म्हणजे ०.५९ व्होल्ट. नापास. १४ गेजचा ८.३, म्हणजे ०.३७. पास. थंड पिटो सुरुवातीला क्षणभर जास्त खेचतो, म्हणून फ्यूज १५ चा.

अल्टरनेटरची मोठी वायर पॅनलवरच्या ६० च्या ब्रेकरमधून नेऊ नका. एक तर ती जाड, विजेचा आवाज (नॉइज) पसरवणारी वायर केबिनमध्ये येते. दुसरं म्हणजे थंड सकाळी बॅटरी भरताना ६० चा ब्रेकर विनाकारण उडतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) इंजिनकडच्या बाजूला एएनएल प्रकारचा करंट लिमिटर लावा. तो जास्तीचा भार बराच वेळ सोसतो आणि खऱ्या शॉर्टला वितळतो.

शून्य व्होल्ट
ग्राउंडबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. निम्मी दुखणी तिथूनच येतात.

फायरवॉलवर एकच ग्राउंड ब्लॉक. आरपार पितळी बोल्ट, दोन्ही बाजूंना फास्ट-ऑन टॅबची रांग. बॅटरीचं निगेटिव्ह तिथे, इंजिनच्या क्रँककेसपासून जाड वेणीची पट्टी तिथे, पॅनलवरच्या सगळ्या उपकरणांचे ग्राउंड तिथे. पंखातले दिवे आणि पिटो जागच्या जागी सांगाड्याला चालतात.

इंजिनची पट्टी विसरली किंवा सैल राहिली तर स्टार्टरचे २०० अँपिअर परतीची दुसरी वाट शोधतात, आणि ती थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या केबलमधून जाते. केबल तापते आणि आवरणात चिकटते. इंजिन माउंटच्या रबरात वीज वाहत नाही, हे लक्षात ठेवा.

हेडफोन आणि माइकचे जॅक पॅनलच्या धातूपासून फायबरच्या वॉशरने वेगळे ठेवा. त्यांचं ग्राउंड फक्त शील्डमधून इंटरकॉमपर्यंत. जॅक पॅनलला लागला की ग्राउंड लूप झाला आणि कानात अल्टरनेटरची शिट्टी. फिल्टर लावून ती जात नाही, वॉशर लावून जाते.

मॅग्नेटोची पी-लीड (त्याला बंद करणाऱ्या स्विचपर्यंतची वायर) शील्डेड असते. शील्ड मॅग्नेटोच्या केसला जोडा, आणि स्विचकडे तीच शील्ड ग्राउंड म्हणून वापरा. स्विचपाशी शील्ड परत सांगाड्याला जोडू नका. एक गोष्ट मात्र उलटी आहे: पी-लीड तुटली तर मॅग्नेटो बंद होत नाही, चालू राहतो. स्विच बंद असूनही प्रोपेलर हाताने फिरवला तर इंजिन पेटू शकतं. म्हणून इंजिन बंद करण्यापूर्वी आयडलवर स्विच क्षणभर बंद करून इंजिन मरतंय का ते बघा.

मु.पो. हँगर
आमचं फायबरचं आहे, लाँग-ईझी. इंजिन मागे, बॅटरी नाकात. सांगाडा वीज नेत नाही. सगळ्या परतीच्या वायर ओढायच्या का?

शून्य व्होल्ट
हो, प्रत्येकाची. दोन ग्राउंड ब्लॉक करा: एक पुढे पॅनलमागे, एक मागे फायरवॉलवर, आणि दोघांमध्ये जाड केबल. स्टार्टरचं गणित बघा. जाऊन-येऊन १० मीटर धरा. ४ गेजचा रोध मीटरला ०.८२ मिलिओहम, २०० अँपिअरला १.६ व्होल्ट पडला. २ गेजचा ०.५१, १ व्होल्ट. थंड सकाळी हे ०.६ व्होल्ट फार मोलाचे. २ गेज घ्या आणि त्या दोन्ही केबल एकमेकींना चिकटवून न्या. लांब ठेवल्या तर मधल्या मोठ्या चौकटीचं चुंबकीय क्षेत्र होकायंत्राला फिरवतं.

चक्रधर
गाडीचा डेन्सो अल्टरनेटर स्वस्त पडतो. रेग्युलेटर आतच असतो. का नको?

फ्यूजमास्तर
अल्टरनेटर उत्तम आहे, आतला रेग्युलेटर हीच अडचण. तो शॉर्ट होऊन मेला तर फील्डला पूर्ण वीज मिळते आणि व्होल्टेज वर जातच राहतं. बाहेरून आलेली कंट्रोलची वायर काढली तरी बरेच आतले रेग्युलेटर एकदा चालू झाल्यावर ऐकत नाहीत. मग मोठ्या वायरीत कॉन्टॅक्टर टाकून ती तोडावी लागते. आणि चालू भारात ती तोडली की अल्टरनेटरला अचानक गिऱ्हाईकच उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि चांगला रेग्युलेटरही जळतो.

बाहेरच्या रेग्युलेटरला फील्डची वायर हाताशी असते. तिथे क्रोबार मॉड्यूल लावा. व्होल्टेज साधारण १६ च्या वर गेलं की ते फील्डचा पुरवठा मुद्दाम ग्राउंडला शॉर्ट करतं आणि ५ अँपिअरचा ब्रेकर उडतो. अल्टरनेटर गप्प. तिथे फ्यूज नको आणि ब्रेकर हवा तो याचसाठी: स्टार्टच्या धक्क्याने कधी चुकून उडाला तर एकदा दाबून बघता येतो. दुसऱ्यांदा उडाला की सोडून द्यायचा.

डेन्सोच घ्यायचा असेल तर ब्रशची वायर बाहेर काढून आतला रेग्युलेटर बाद केलेला घ्या.

विजेरी
लिथियमचा प्रश्न राहिला. पीसी-६८० सुमारे ७ किलो, त्याच्या जागी बसणारी लिथियम आयर्न फॉस्फेट दोन-सव्वादोन किलो. नाकावरचे चारपाच किलो कमी होतात. ते तुमच्या वजन-संतुलनात हवे आहेत की नको, हे आधी मोजा. लाकडी प्रोपेलर आणि हलकं नाक असेल तर तेच वजन शिशाच्या रूपात परत घालावं लागतं.

लिथियम घ्यायची तर आत बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) असलेलीच, आणि त्यातून बिघाडाच्या दिव्याची वायर पॅनलपर्यंत आणा. बीएमएस अति-व्होल्टेजला बॅटरी तोडते, म्हणजे नेमक्या वाईट वेळी अल्टरनेटर एकटा पडतो. म्हणून क्रोबार सक्तीचा. दुसरं, पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी मिळेल तितका करंट गिळते. लेडची लवकर हात आखडते, ही आखडत नाही. अल्टरनेटर पूर्ण भारावर दहा मिनिटं तापतो. मेलेली बॅटरी जम्प करून लगेच उडायला निघू नका, जमिनीवर चार्जरने भरा. फायरवॉलच्या इंजिनकडच्या बाजूला बसवणार असाल तर कंपनीने दिलेली तापमानमर्यादा बघा आणि थंड हवेची नळी द्या.

माझं मत विचाराल तर पहिल्या विमानाला लेडची. बिघडते तेव्हा हळूहळू बिघडते, आधी कळतं.

रोटॅक्सवाला
आमचं रोटॅक्स ९१२ यूएलएस. इथलं काय लागू पडतं?

फ्यूजमास्तर
निम्मं. तुमचा जनरेटर इंजिनातच आहे, २५० वॉट, म्हणजे १८ अँपिअरच्या आसपास, तेही वरच्या आरपीएमला. ८० टक्के धरले तर साडेचौदा. पिटो हीट लावली की बाकीच्यांना उपास. सगळे दिवे एलईडीच घ्या. इग्निशन स्वतःची वीज स्वतः करते, त्यामुळे बॅटरी मेली तरी इंजिन चालतं. इंजेक्शनवालं ९१२ आयएस मात्र पूर्ण वेगळं प्रकरण, त्याला वीज लागतेच. रेग्युलेटरच्या आउटपुटला २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका, आणि रेग्युलेटर फायरवॉलच्या थंड हवेच्या बाजूला, पत्र्याला घट्ट बसवा. हे रेग्युलेटर उष्णतेने मरतात.

तांब्याची तार
कॉन्टॅक्टरबद्दल सावध. बॅटरीचा कॉन्टॅक्टर सतत चालणारा असतो, स्टार्टरचा क्षणभर चालणारा. दोन्ही दिसायला सारखे डबे. स्टार्टरचा बॅटरीच्या जागी लावला तर त्याची कॉइल थोड्या वेळात जळते. खोक्यातून काढल्या काढल्या डब्यावर मार्करने लिहा.

दोन्हींच्या कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. डायोड नसेल तर कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज मास्टर स्विचच्या टोकांवर ठिणगी पाडतं, आणि काही महिन्यांनी स्विच जातं. उलटा लावला तर स्विच लावताक्षणी डायोड जळतो.

स्टार्टर कॉन्टॅक्टर चिकटला की इंजिन चालू झाल्यावरही स्टार्टर फिरत राहतो. त्याच्या स्टार्टरकडच्या टोकापासून १ अँपिअरच्या फ्यूजमधून एक वायर पॅनलवरच्या दिव्याला. दिवा पेटलेला राहिला तर मास्टर बंद, इंजिन बंद.

क्रिम्पिंग: इन्शुलेशनलाही पकडणारे लग, रॅचेटची पक्कड. लाल २२ ते १८ गेज, निळा १६ ते १४, पिवळा १२ ते १०. चार-पाच नमुने दाबून ओढून बघा: २२ गेजने सात किलोपर्यंत सुटता कामा नये. बाजारातल्या साध्या पक्कडीने दाबलेला लग हाताला घट्ट लागतो आणि शंभर तासांच्या थरथरीने सुटतो. डी-सब कनेक्टरच्या पिन मशीन केलेल्या, त्यांची पक्कड वेगळी.

गगनबावडा
सुधारित आराखडा: एक पीसी-६८०, ६० चा अल्टरनेटर बाहेरच्या रेग्युलेटरसह, एसडी-८, मुख्य बस, ई-बस, बॅटरी बस. ब्रेकर एक, फ्यूज २४. बॅटरी आणि अल्टरनेटरला दोन वेगळी स्विचेस. अँपिअर मोजायला मोठ्या वायरीत ६० अँपिअर-५० मिलिव्होल्टचा शंट, त्याच्या दोन बारीक वायरी थेट पॅनलवर. पहिल्यांदा वीज कशी सोडायची?

फ्यूजमास्तर
दोन दुरुस्त्या. वेगळी स्विचेस नकोत. एकच तीन जागांचं: बंद, बॅटरी, बॅटरी अधिक अल्टरनेटर. बॅटरीशिवाय अल्टरनेटर चालू ठेवताच येऊ नये, कारण बॅटरी व्होल्टेज सपाट ठेवते. आणि शंटच्या दोन्ही बारीक वायरींना शंटपाशीच १ अँपिअरचे फ्यूज. ती वायर अल्टरनेटरच्या पॉझिटिव्हला आहे. कुठे घासून उघडी पडली तर पॅनलपर्यंत पेटत येईल.

वीज सोडायला बॅटरी काढून ठेवा. सगळे फ्यूज बाहेर, महागडी उपकरणं सॉकेटमधून सुटी. मल्टिमीटरने प्रत्येक बस ते ग्राउंड रोध बघा. मग बॅटरीच्या जागी करंट मर्यादा असलेला पॉवर सप्लाय, १३.८ व्होल्ट, मर्यादा ३ अँपिअर. मास्टर लावा, फक्त कॉन्टॅक्टरचे ०.८ दिसले पाहिजेत. जास्त दिसले तर थांबा. मग एकेक फ्यूज घालून त्या सॉकेटच्या योग्य पिनवर व्होल्ट आणि ग्राउंड आहे का ते तपासा, दुसऱ्या पिनवर नाही हेही तपासा. मग उपकरण जोडा आणि करंट लोडच्या यादीशी ताडून बघा. मर्यादा गरजेप्रमाणे वाढवत न्या.

विजेरी
त्यात एक: ई-बसची दुसरी वाट चालू करून मास्टर बंद करा आणि मुख्य बसवर व्होल्ट मोजा. शून्य यायला हवेत. काही आले तर डायोड उलटा किंवा शॉर्ट आहे. हीच तपासणी दर वर्षी, बॅटरीच्या चाचणीबरोबर.